कोड फुकट, मग पैसे कशाचे?

२०२२च्या जानेवारीत डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीचा मेल आला. स्टेनबर्ग म्हणजे 'कर्ल' या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना मोकळा आहे अशा, प्रोग्रॅमचे मूळ लेखक. इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं काम करणारा हा छोटा प्रोग्रॅम मोबाइलपासून मोटारीपर्यंत कुठेही सापडतो. महिनाभर आधी 'लॉग फोर जे' नावाच्या जावा भाषेतल्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमध्ये, सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं होतं आणि ते आपल्याकडे कुठे लपलंय याचा शोध कंपन्या घेत होत्या. मेलमध्ये प्रश्नांची जंत्रीच होती. तुमच्या उत्पादनात ही लायब्ररी आहे का, काही हल्ला झाला का, दुरुस्ती कधी करणार, वगैरे. वर चोवीस तासांत उत्तर हवं, अशी ताकीद. गंमत म्हणजे कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, जावाशी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि ही कंपनी काही सपोर्टचे पैसे भरणारी नव्हती.

स्टेनबर्ग यांनी उलट कळवलं की सपोर्टचा करार करा, मग सगळ्या प्रश्नांची उत्तरं आनंदाने देतो.

ओपन सोर्सवर पोट भरू पाहणाऱ्या छोट्या टीमने हा प्रसंग जरा थांबून बघावा. कंपनीकडे कोड होता, फुकट होता, आणि पुढेही फुकटच राहणार होता. त्या दिवशी तिच्याकडे नव्हतं ते वेगळंच होतं. ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या नावाने "आहे" किंवा "नाही" असं लिहून देणारं माणूस तिला हवं होतं. त्याचे पैसे मागता येतात. माझ्या मते उत्पन्न वाढवायचं म्हणजे ग्राहकाच्या डोक्यावरची अशी आणखी ओझी हुडकायची आणि पैसे घेऊन ती आपल्या डोक्यावर घ्यायची. लायसन्स कोणतं, होस्टिंग (सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देणं) द्यायचं का, दर किती, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

एक गैरसमज आधी बाजूला करू. ओपन सोर्स लायसन्स विक्रीला मनाई करत नाही. फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८०च्या दशकात आपल्या 'ईमॅक्स' एडिटरच्या टेप १५० डॉलरला विकत असत. कोड मोकळाच होता, पैसे टेप भरून पाठवण्याचे होते. लायसन्सचं म्हणणं इतकंच की कोड ज्याच्या हाती पडला त्याला तो वापरू द्या, बदलू द्या, पुढे देऊ द्या. पण याचा परिणाम असा होतो की पहिल्याला प्रत विकली की दुसरा ती त्याच्याकडून फुकट घेऊ शकतो, आणि प्रतीची किंमत शून्याकडे घसरते. तेव्हा टेप मिळवणं ही लोकांची अडचण होती म्हणून टेपचे पैसे मिळाले. इंटरनेट आलं, अडचण गेली, तिच्याबरोबर पैसेही गेले. आता लोक अडतात ते दुसऱ्या ठिकाणी.

पुष्कळ जण देणगीपासून सुरुवात करतात. करायला हरकत नाही, पण त्यावर घर चालेल अशी आशा ठेवू नये. असंख्य वेबसाइट्सच्या कुलपामागे असलेल्या ओपनएसएसएल प्रकल्पाला २०१४मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीला येईपर्यंत वर्षाला साधारण २,००० डॉलर देणगी मिळत होती. लोक कृतघ्न असतात म्हणून नव्हे. तुमचं सॉफ्टवेअर ज्याला आवडतं तो प्रोग्रॅमर असतो आणि खर्चाची सही त्याच्या हातात नसते. ज्याच्या हातात असते त्याला 'देणगी' कुठल्या खात्यात टाकायची हे कळत नाही. तीच रक्कम 'वार्षिक मेंटेनन्स सबस्क्रिप्शन' म्हणून रीतसर इनव्हॉइसवर लिहा, सोबत सुरक्षा-दोषाची सूचना वेळेवर देण्याची हमी द्या, आणि तोच साहेब फारशी चौकशी न करता ती मंजूर करतो. नाव बदलण्याचेही पैसे असतात, हे मला उशिरा कळलं.

दुसरा सोपा रस्ता म्हणजे कन्सल्टिंग. कोणाला आपल्या जुन्या सिस्टिमला तुमचं टूल जोडून हवं असतं, कोणाला एखादं फीचर हवं असतं. पैसा लवकर येतो. १९८९मध्ये सुरू झालेल्या 'सिग्नस' कंपनीने स्टॉलमन यांच्याच जीएनयू प्रकल्पातल्या फुकट कंपायलरवर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, असाच धंदा उभा केला. नवी चिप बनवणाऱ्यांना आपल्या चिपसाठी कंपायलर हवाच असायचा आणि तो तयार करून देणाऱ्यांना ते पैसे मोजायचे. पुढे लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमवर धंदा करणाऱ्या रेड हॅटने ही कंपनी विकत घेतली. अडचण एवढीच की कन्सल्टिंगचं उत्पन्न तासांना बांधलेलं असतं. दोन माणसांच्या टीममधले तास संपले की वाढ संपली. वर मूळ प्रॉडक्टला कोणी हात लावत नाही आणि वर्षभराने लक्षात येतं की आपण लोकांचंच काम करत बसलोय.

तरीही सुरुवातीला मी ते करायला सांगेन, पण एका अटीवर. आमच्या छोट्या टीममध्ये आम्ही एक साधी वही ठेवली होती. प्रत्येक पैसे देऊन आलेल्या कामाची एक ओळ. कोणी मागितलं, नेमकं काय मागितलं, किती दिवस लागले, आणि ते न झाल्यास त्यांचं काय अडलं असतं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सात-आठ महिन्यांनी वही चाळली तर 'कोणी कधी काय बदललं याची नोंद हवी' ही मागणी तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडून आली होती आणि आम्ही ती तीनदा वेगवेगळी लिहून दिली होती! तिघांचंही अडणं एकच, ऑडिटर विचारतो. चौथ्यांदा आम्ही ते तासांवर केलं नाही. एकदाच नीट बांधलं आणि पैसे भरणाऱ्यांच्या आवृत्तीत टाकलं. विकण्यासारखं काय आहे ते आम्हाला त्या शेवटच्या रकान्याने सांगितलं.

सपोर्ट विकणं हा या क्षेत्रातला जुना जप आहे आणि त्यात एक विरोधाभास आहे. सॉफ्टवेअर चांगलं असेल तर सपोर्ट लागत नाही, आणि सपोर्ट लागावा म्हणून ते वाईट ठेवणं कोणाला परवडणार? लोक रेड हॅटचा दाखला देतात. २०१२च्या आर्थिक वर्षात १ अब्ज डॉलर उत्पन्नाची रेषा ओलांडणारी ती पहिली ओपन सोर्स कंपनी, आणि २०१९मध्ये आयबीएमने ती सुमारे ३४ अब्ज डॉलरला घेतली. पण रेड हॅटने फोन उचलायची सोय तेवढी विकली नाही. तिने स्थैर्य विकलं. हीच आवृत्ती पुढे अनेक वर्षं चालेल, तिला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतील, या-या सर्व्हरवर ती तपासलेली आहे, अशी हमी.

छोट्या टीमने यातून घ्यायचं ते एवढंच. चोवीस तास फोनवर बसण्याचा शब्द देऊ नका. दोन माणसांना तो पाळता येत नाही आणि मोडला की नाव जातं. त्याऐवजी 'कामाच्या पुढच्या दिवशी उत्तर' आणि 'जुन्या आवृत्तीला दोन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या' असं काही द्या. दुसरी गोष्ट फारशी झगमगीत दिसत नाही, पण ज्या कंपनीला अपग्रेड करायचं म्हटलं की चार बैठका आणि सहा सह्या लागतात तिच्यासाठी ती सोन्यासारखी असते. अपग्रेड पुढे ढकलता येणं, हेच ती विकत घेते.

होस्टिंग हा छोट्यांसाठी मला सगळ्यात नैसर्गिक मार्ग वाटतो. 'घोस्ट' हे ब्लॉग आणि न्यूजलेटर चालवायचं सॉफ्टवेअर २०१३मध्ये लोकवर्गणीतून सुरू झालं. कोड एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कोणीही उचलावा आणि चालवावा. पैसे येतात ते स्वतः चालवायची कटकट नको असलेल्यांकडून. 'प्लॉझिबल' हे वेबसाइटची वर्दळ मोजणारं टूलही तसंच. स्वतःच्या सर्व्हरवर टाका तर फुकट, आमच्याकडे चालवा तर महिन्याचे पैसे. मग लोक फुकटचं सोडून पैसे का देतात? स्वतः चालवायचं म्हणजे काय ते जवळून बघा. सर्व्हर भाड्याने घ्या, डेटाबेस बसवा, सर्टिफिकेट मिळवा आणि ते वेळोवेळी नवं होतंय का बघा, बॅकअप लावा, मेल स्पॅममध्ये जातोय का तपासा, महिन्याला एकदा अपडेट करा, आणि अपडेट फसलं तर रविवारी रात्री लॅपटॉप उघडा. यातलं एकही काम अवघड नाही, पण यादी संपत नाही.

यात आमच्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण होस्टिंगवाला नेमके कशाचे पैसे घेतो ते तीतूनच मला समजलं. रोज रात्री बॅकअप निघायचा, 'यशस्वी' असा हिरवा संदेश यायचा. एकदा एका ग्राहकाने चुकून आपलाच अर्धा डेटा उडवला आणि परत मागितला. फाइल उघडली तर ती शून्य बाइटची! डिस्क भरल्यामुळे अकरा दिवसांपासून रिकाम्या फाइली बनत होत्या आणि आमची स्क्रिप्ट फाइल बनली की नाही एवढंच बघत होती. बारा दिवसांपूर्वीच्या शेवटच्या चांगल्या बॅकअपवरून आम्ही जमेल तेवढं उभं केलं, ग्राहकाला खरं सांगितलं, तीन महिन्यांचे पैसे परत केले. तेव्हापासून दर आठवड्याला एक बॅकअप खरोखर उघडून बघायचा नियम झाला, आणि दरांच्या पानावर ती ओळ लिहिल्यावर कोणत्याही फीचरपेक्षा तिच्याबद्दलच जास्त विचारणा होऊ लागली.

आता कोडचाच काही भाग राखून ठेवायचा मार्ग. मूळ गाभा मोकळा आणि वरचे काही मजले पैशाचे, याला 'ओपन कोअर' म्हणतात. 'साइडकिक' हे याचं फार सुरेख उदाहरण आहे. रूबी भाषेतल्या प्रोग्रॅमना पाठीमागची कामं रांगेत लावून देणारं हे टूल माइक परहॅम यांनी २०१२मध्ये आणलं. गाभा मोकळा, वर 'प्रो' आणि 'एंटरप्राइझ' अशा दोन पैशाच्या आवृत्त्या. गुंतवणूकदार नाहीत, विक्रीची फौज नाही, कित्येक वर्षं एकाच माणसाची कंपनी. एंटरप्राइझचा दर एकाच वेळी किती थ्रेड (कामाचे समांतर धागे) काम करतात त्यावर, म्हणजे ज्याचा पसारा मोठा त्याने जास्त द्यावं.

रेघ कुठे ओढायची, हा या मार्गातला खरा प्रश्न. फार वर ओढली तर विकायला काही उरत नाही. फार खाली ओढली तर फुकटची आवृत्ती लंगडी होते, लोक चिडतात आणि कोणीतरी फोर्क करून, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढून, मोकळा होतो. प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गिटलॅबने आपला नियम उघडपणे सांगितला आहे. फीचरची गरज मुख्यतः कोणाला, ते बघायचं. एकट्या प्रोग्रॅमरला लागत असेल तर फुकट. मॅनेजरला किंवा त्याच्याही वरच्यांना लागत असेल तर पैशाचं. माझ्या पाहण्यात याहून चांगली कसोटी नाही. काम वेगाने व्हावं हे प्रोग्रॅमरला हवं असतं. कोणाला कशाचा अधिकार, कंपनीच्या एकाच पासवर्डने लॉगिन, बदलांची नोंद, या गोष्टी पन्नास माणसं एकत्र काम करायला लागली की आठवतात, आणि पन्नास माणसांच्या पगाराची सोय ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे तुमच्यासाठीही काहीतरी असतं. एक अपवाद मात्र मी पाळतो. सुरक्षेची मूलभूत गोष्ट, उदाहरणार्थ दोन टप्प्यांचं लॉगिन, पैशामागे लपवू नये. त्यातून मिळतं थोडं आणि एक दिवस मोठ्याने लाज जाते.

दुहेरी लायसन्सचा मार्ग थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना लागू पडत नाही. कोड जीपीएलसारख्या लायसन्सखाली मोकळा ठेवायचा. या लायसन्सची अट अशी की तुम्ही तो आपल्या उत्पादनात मिसळून वाटलात तर तुमचा कोडही मोकळा करा. ज्याला ते नको त्याने पैसे भरून वेगळं लायसन्स घ्यावं. मायएसक्यूएल ही डेटाबेस कंपनी याच वाटेने वाढली आणि २००८मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती १ अब्ज डॉलरला घेतली. पण यासाठी पूर्ण कोडचे हक्क तुमच्याकडे हवेत. बाहेरच्या चाळीस जणांनी भर घातली असेल आणि त्यांच्याकडून लेखी परवानगी घेतलेली नसेल, तर तुम्ही दुसरं लायसन्स देऊच शकत नाही. हा कागद पहिल्या दिवशी करायचा असतो. पाचव्या वर्षी चाळीस जणांना शोधत फिरणं म्हणजे वनवास.

आणि हक्क अजिबात नसतानाही कागद विकता येतो! एसक्यूलाइट हा डेटाबेस पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्यावर कोणाचाच मालकी हक्क नाही आणि वापरायला परवानगीच लागत नाही. तरीही त्याचे कर्ते रिचर्ड हिप यांची कंपनी एक हमीपत्र विकते, आणि कंपन्या ते विकत घेतात. कारण काही वकिलांना 'याची गरज नाही' हे उत्तर चालत नाही, त्यांना फाइलला लावायला सहीचा कागद हवा असतो. हसू येतं खरं, पण त्या कागदाने कोणाची तरी झोप परत येते, आणि झोपेला दर असतो.

मार्ग कोणताही धरा, थोडे ग्राहक जमले की एका टप्प्यावर वाढ अडते आणि का अडली ते कळत नाही. इथे थोडं गणित करायला लागतं. समजा महिन्याला १० नवे ग्राहक येतात आणि असलेल्यांपैकी ५ टक्के सोडून जातात. १०० ग्राहक असताना १० येतात आणि ५ जातात, आलेख मजेत चढतो. २०० झाले की १० येतात आणि १० जातात. संपलं. २०० हे तुमचं छप्पर, मग कितीही वर्षं राबा. बहुतेक जण इथे जाहिरातीकडे धावतात. पण गळती ५ टक्क्यांवरून अडीचवर आणली तर तेच छप्पर ४००वर जातं, आणि त्यासाठी महिन्याला दहाच्या ठिकाणी अकरावा ग्राहकही आणावा लागत नाही.

गळतीतला बराच भाग नाराजीचा नसतो, हे आणखी विशेष. कार्डाची मुदत संपते, बँक पैसे नाकारते, आपली सिस्टिम खातं बंद करते, आणि ग्राहकाला ते महिनाभर समजतही नाही. पैसे अडले तर दोन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा प्रयत्न, मुदत संपायच्या आधी एक आठवण, आणि खातं लगेच बंद न करता दोन आठवड्यांची सवलत, एवढं केलं तरी फरक दिसतो. दुसरा उपाय म्हणजे वार्षिक बिल. महिन्याच्या ग्राहकासमोर 'हे हवंय का?' हा प्रश्न वर्षातून बारा वेळा उभा राहतो, वार्षिकवाल्यासमोर एकदा. दोन महिने फुकट देऊनही हा सौदा आपल्या फायद्याचा ठरतो.

मग किंमत. प्रोग्रॅमर मंडळी स्वतःला जे महाग वाटेल त्याच्या खाली दर ठेवतात, आणि ही चूक जवळपास सगळे करतात. आम्हीही केली. गणित पुन्हा साधंच आहे. दर २० टक्क्यांनी वाढवला आणि त्यामुळे ५ टक्के ग्राहक गेले, तरी उत्पन्न १४ टक्क्यांनी वाढतं आणि सपोर्टचे मेल कमी होतात. जुन्या ग्राहकांना वर्षभर जुना दर ठेवा, नव्यांना नवा लावा, आणि दोघांनाही आधी सांगा.

दरांच्या पानावर एक दरी असते तीही ओळखून ठेवावी. कंपनीतल्या टीम लीडरला ठरावीक रकमेपर्यंत स्वतःच्या कार्डवरून खर्च करता येतो. त्याच्या वर गेलं की खरेदी विभाग, व्हेंडर नोंदणी, सुरक्षेची प्रश्नावली, पर्चेस ऑर्डर, आणि साठ दिवसांनी पैसे. एवढा सोपस्कार करायचा तर विक्री तेवढी मोठी हवी. म्हणून दोनच जागी दर लावावेत. एक कार्डाच्या मर्यादेच्या आत, जिथे कोणाशी बोलावंच लागत नाही. दुसरा इतका वर की त्या सगळ्या कागदपत्रांचे दिवस वसूल होतील. मधला दर सगळ्यात वाईट, त्यात कटकट मोठ्या ग्राहकाची आणि पैसे छोट्याचे. आणि छोट्या दरापुढे 'संपर्क साधा' असं बटण ठेवू नका. रात्री अकराला प्रश्न सोडवत बसलेला प्रोग्रॅमर फोन लावणार नाही, तो टॅब बंद करेल.

मोठ्या कंपन्यांच्या भीतीबद्दल दोन शब्द. एखादी क्लाउड कंपनी आपला कोड उचलून आपल्यालाच स्पर्धा करेल, या धास्तीने गेल्या काही वर्षांत अनेकांनी लायसन्स घट्ट केलं. डेटा साठवण्या-शोधण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मॉन्गोडीबीने २०१८मध्ये, इलॅस्टिकने २०२१मध्ये, रेडिसने २०२४मध्ये. इलॅस्टिकच्या निर्णयानंतर ॲमेझॉनने 'ओपनसर्च' हा फोर्क काढला, रेडिसनंतर काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'वाल्की' उभा राहिला. पुढे इलॅस्टिकने २०२४मध्ये आणि रेडिसने २०२५मध्ये एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स पुन्हा एक पर्याय म्हणून आणलं. ही हत्तींची झुंज आहे. दोन-चार माणसांच्या धंद्याला धोका असतो तो कोणी चोरण्याचा नव्हे, कोणी न विचारण्याचा. फार काळजी वाटत असेल तर पहिल्यापासूनच एजीपीएल घ्या, ज्यात बदललेला कोड नेटवर्कवरून सेवा म्हणून चालवणाऱ्यालाही आपले बदल खुले करावे लागतात. नाहीतर निवांत राहा. मध्येच नियम बदलणं सगळ्यात महाग पडतं.

नावाचं मात्र आजच बघा. लायसन्स कोड देतं, ट्रेडमार्क देत नाही. रेड हॅटचा कोड घेऊन हुबेहूब सिस्टिम बनवणाऱ्या सेंटओएसला रेड हॅटचं नाव आणि चिन्ह काढूनच ती वाटावी लागायची. कोडची प्रत कोणीही काढेल, पण 'मूळ लोकांकडून' हे म्हणायचा हक्क तुमच्या एकट्याकडे राहतो.

जबाबदारीची ही मागणी आता कायद्यातूनही येते आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४मध्ये लागू झाला. प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा-दोषांची खबर देण्याचं बंधन ११ सप्टेंबर २०२६पासून आणि बहुतेक बाकीच्या अटी ११ डिसेंबर २०२७पासून. तिथल्या बाजारात सॉफ्टवेअर असलेली वस्तू विकणाऱ्याला आत वापरलेल्या सुट्या भागांची, त्यात ओपन सोर्सही आलं, योग्य खबरदारी घ्यावी लागेल. थोडक्यात, स्टेनबर्ग यांना आला तसा मेल यापुढे बऱ्याच मेंटेनरांना, म्हणजे असे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, येईल. त्याला उत्तर म्हणून एक पान तयार ठेवता येतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते भाग आहेत त्याची यादी, दोष कळवायचा पत्ता, कोणत्या आवृत्तीला कधीपर्यंत दुरुस्त्या, आणि तुमच्या प्रश्नावलीवर सही हवी असेल तर हा दर.

शेवटचा भाग म्हणजे फुकट वापरणाऱ्यांमधून पैसे देणारे शोधणं. डाऊनलोडचा आकडा इथे निरुपयोगी आहे. त्यातले बरेचसे तर बिल्ड सर्व्हर, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप बांधून तपासणारी यंत्रं, रात्रभर तीच फाइल पुन्हा पुन्हा ओढत असतात, आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे स्टार म्हणजे 'कधीतरी बघू' अशी घडी घालून ठेवलेली चिठ्ठी. खऱ्या खुणा वेगळ्या असतात. कंपनीच्या ईमेलवरून आलेला इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद. 'हे दहा सर्व्हरवर चालवायचं तर?' असा प्रश्न. जुन्या आवृत्तीतली चूक सुधारून द्याल का, अशी विनंती. अशा प्रत्येकाला आधी नीट उत्तर द्यावं, आणि खाली एक ओळ लिहावी की आम्ही यासाठी पैसे घेऊन मदतही करतो, पान इथे आहे. ही ओळ लिहायला मला पहिली दोन वर्षं लाज वाटायची. डॉक्युमेंटेशनमध्येही ती जिथे माणूस अडतो तिथेच हवी, म्हणजे बॅकअप, अपग्रेड आणि अधिकारांच्या पानांवर. हल्ली बरेच जण डॉक्युमेंटेशन न उघडता एआयलाच विचारतात, त्यामुळे केवळ पानावर विसंबून चालत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये, ॲडमिनच्या स्क्रीनवरही 'हे कोण बनवतं आणि मदत कुठे मिळते' हे दिसू द्या.

स्टेनबर्ग यांच्या त्या मेलचा पुढचा भाग सांगायचा राहिला. कंपनीने त्यांना परत लिहिलं आणि विचारलं की म्हणजे आम्ही तुमचे ग्राहक नाही, असं तुमचं म्हणणं आहे का? त्या मेलच्या सुरुवातीला 'डॅनियल'च्या जागी 'डेव्हिड' असं लिहिलेलं होतं.